गुलमर्गला पुन्हा जाण्याआधी: स्कीइंगच्या भीतीबद्दल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही बघता येईल. तुमचं वय 43. गेल्या फेब्रुवारीत सहकुटुंब गुलमर्गला गेलात. पहिल्या दिवशी खालच्या बेबी स्लोपवर दीड तास बरा गेला. दुसऱ्या दिवशी इन्स्ट्रक्टर म्हणाला, "आप तो सीख गए", आणि तुम्हा तिघांना गंडोल्याने, म्हणजे तिथल्या केबल कारने, वरच्या कोंगडोरी स्टेशनला घेऊन गेला. तिथला उतार बघून तुमचे पाय लटपटले. तीनदा पडलात, चौथ्यांदा थांबताच येईना म्हणून स्वतःच स्वतःला पाडून घेतलंत. मग स्की काढल्या, रडत स्टेशनापर्यंत चालत आलात आणि गंडोल्याने खाली उतरलात. बारा वर्षांची मुलगी मात्र संध्याकाळपर्यंत मजेत घसरत होती. आता पुन्हा फेब्रुवारीचा बेत ठरतोय आणि तुम्ही विचारताय, "ही भीती घालवू कशी? की हे माझ्यासाठी नाहीच?"

मी गेले 14 हिवाळे गुलमर्गला नवशिक्यांना शिकवते. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक पुण्या-मुंबई-नाशिककडचे, तिशी-चाळिशी ओलांडलेले आणि आयुष्यात पहिल्यांदाच बर्फ बघणारे असतात. तुमच्यासारखी हकिगत दर हंगामात कुणी ना कुणी सांगतं. तुम्हाला थांबता येत नव्हतं, आणि थांबता येत नसताना वेगाची भीती वाटणं अगदी बरोबर आहे. ब्रेक नसलेली गाडी कुणी घाटात घातली तर आपण चालकाला धीर देत बसत नाही, आधी गाडी थांबवायला सांगतो. तुम्हाला दीड तासात ब्रेक मिळाला नाही आणि त्याआधीच घाट दाखवला गेला. म्हणून "भीती घालवू कशी" हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. ब्रेक हातात आला की ती किती उरते ते बघू.

काही गोष्टी मला इथून सांगता येणार नाहीत. गुडघ्याला जुनी दुखापत असेल, हाडं ठिसूळ झाल्याचं डॉक्टरांनी कधी सांगितलं असेल, तर आधी त्यांना विचारा. स्कीइंगमध्ये सगळ्यात जास्त गुडघाच सापडतो. बर्फ कसा आहे त्यावरही बरंच ठरतं. थंड, कोरड्या, नीट दाबलेल्या बर्फावर जो उतार सोपा वाटतो, तोच रात्रभर गोठून सकाळी काचेसारखा झाला की मलाही जपून उतरावा लागतो. आणि तुम्हाला हे स्वतःला शिकायचंय की घरचे जातायत म्हणून, हे फक्त तुम्हालाच माहीत. दुसरं असेल तर न शिकणं हेही सरळ उत्तर आहे, त्यात कमीपणा नाही. पण तुमच्या लिहिण्यात मला पहिल्या दिवसाचा दीड तास दिसला. त्याबद्दल तुम्ही "हलकं वाटलं" असं लिहिलंय. म्हणून पुढचं लिहिते.

तुम्ही म्हणता, दर पावसाळ्यात सह्याद्रीत ट्रेक करते, उतारांची सवय आहे, तरी असं का व्हावं? त्या सवयीमुळेच. घसाऱ्यावरून उतरताना पाय सुटेल असं वाटलं की आपलं शरीर काय करतं? मागे, डोंगराच्या बाजूला झुकतं. हात टेकायला तयार होतात, बूड जमिनीजवळ जातं. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने बसून बसून उतरणारे लोक मी कितीदा पाहिलेत. तिथे ते चालून जातं, कारण मातीत बसलं की माणूस थांबतो. स्कीवर बसलं की माणूस सुटतो.

याचं कारण साधं आहे. स्कीला वळवणारा आणि बर्फाला धरणारा भाग मुख्यतः पुढच्या अर्ध्यात असतो. वजन टाचांवर गेलं की पुढची टोकं हलकी होतात, स्कीच्या कडा बर्फात रुततच नाहीत. पाय पाचरीसारखे, म्हणजे टोकं जवळ आणि टाचा बाहेर असे, धरले तरी ब्रेक लागत नाही आणि स्की सरळ उताराकडे पळते. वेग वाढला म्हणून माणूस आणखी मागे झुकतो, मग उरलासुरला ताबाही जातो. म्हणजे भीती शरीराला नेमकी तीच गोष्ट करायला लावते, जिच्यामुळे भीती खरी ठरते. तुमच्या मांड्या दहा मिनिटांत भरून आल्या होत्या, असं तुम्ही लिहिलंय. ती अशक्तपणाची खूण नव्हे. तुम्ही त्या सगळ्या वेळात अदृश्य खुर्चीवर बसून खाली येत होतात.

इथे आम्हा शिकवणाऱ्यांचाही दोष आहे. बेबी स्लोपवर दिवसभर एकच हाक ऐकू येते, "घुटने मोड़ो, घुटने मोड़ो!" घाबरलेला माणूस ते ऐकून गुडघे वाकवतो आणि कंबरही मागे नेतो, म्हणजे खुर्चीत आणखी खोल बसतो. वाकायला हवा तो घोटा. जिना उतरताना वरच्या पायरीवर राहिलेल्या पायाचा गुडघा बोटांच्या पुढे जातो, तो वाक आठवा. मी माझ्या शिकाऊंना गुडघा हा शब्दच उच्चारत नाही. मी विचारते, "नडगी बुटाला टेकलीय का?" स्कीच्या बुटाची पुढची जीभ नडगीला सतत हलकी दाबलेली जाणवली पाहिजे. तो दाब नाहीसा झाला की समजायचं, आपण बसलो. ही खूण तुम्हाला चालत्या उतारावर, कुणाला न विचारता तपासता येते. आतापासून रोज जिना उतरताना हा वाक लक्षपूर्वक करून बघा, पायांना ओळख राहील.

नडगीचा विषय निघालाय तर बुटांबद्दल बोलायलाच हवं. भाड्याच्या दुकानात लोक सर्वांत कमी वेळ बुटांना देतात, आणि माझ्या मते नवशिक्याची निम्मी भीती तिथेच विकत घेतलेली असते. बूट सैल असेल तर पाय आत हलतो. तुम्ही वळता, बूट वळत नाही, मग एकदम वळतो. स्की आपलं ऐकत नाही, असं जे वाटतं ते बऱ्याचदा एवढंच असतं. बूट घालून ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि घोट्यातून पुढे झुकल्यावर किंचित मागे सरकली पाहिजेत. टाच उचलली जाता कामा नये. दुकानदार घाई करेल. करू दे, पाच-सहा जोड घालून बघा. आणि थंडीच्या भीतीने दोन-दोन लोकरी मोजे घालू नका. आपल्याकडचे जवळजवळ सगळे घालतात. दोन मोज्यांनी पाय आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. एकच, पातळ, पोटरीपर्यंत येणारा मोजा घाला. बुटाच्या आत दुसरं काही नको, थर्मल पँटची कडसुद्धा नको.

तिथेच वजन विचारतील, ते खरं सांगा. स्कीला बूट पकडून ठेवणारं बाइंडिंग पडल्यावर सुटावं लागतं, आणि ते किती ताकदीला सुटेल हे वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि कौशल्य यांवरून ठरवतात. ते लावल्याचं डोळ्यांनी बघा. लावलं नाही तर मागे लागा. हेल्मेट घ्याच. स्की लांबीला हनुवटीच्या आसपास किंवा थोड्या खाली असू द्या. आखूड स्की वळायला सोप्या जातात.

आता उतार. गुलमर्गची एक अडचण तिथे गेल्याशिवाय लक्षात येत नाही. खाली, सुमारे 2,650 मीटरवर, गोल्फच्या मैदानाभोवती फार सुंदर, हलके उतार आहेत. गंडोल्याचा पहिला टप्पा कोंगडोरीला 3,000 मीटरच्या वर नेतो, दुसरा अफरवट डोंगराच्या अंगावर जवळजवळ 3,950 मीटरपर्यंत. जगभरचे पट्टीचे स्कीअर त्या वरच्या, कुणी न दाबलेल्या बर्फासाठी येतात. पण बेबी स्लोप आणि कोंगडोरी यांच्या मधली पायरी तिथे फार अपुरी आहे. ऑस्ट्रिया-जर्मनीत उतारांना सोप्याकडून अवघडाकडे निळा, लाल, काळा असे रंग असतात. निळ्याचा चढ 25 टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे 14 अंश धरतात, आणि असे निळे उतार मैलोन् मैल असतात. तिकडे शिकणारा हळूहळू चढत जातो. गुलमर्गला दुसऱ्या दिवशी एकदम जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं केलं जातं. तुमच्यावर तीच वेळ आली. मुलीला ते जमलं, कारण तिचं वजन कमी, जमिनीपासून उंची कमी आणि पडण्याची किंमत तिला माहीत नाही. तुम्ही स्वतःला तिच्याशी ताडून बघू नका.

पहिले दोन दिवस तुमचा उतार मॉलच्या तळघरातल्या पार्किंगच्या रॅम्पएवढा हवा, त्याहून कमी असला तरी चालेल. त्याहूनही महत्त्वाचं, तो संपल्यावर सपाट जागा आणि मग किंचित चढ हवा. अशा ठिकाणी काहीही केलं नाही तरी आपण आपोआप थांबतो. ज्या माणसाच्या शरीराला "काही झालं तरी हे संपणार आहे" हे एकदा कळतं, त्याचा श्वास मोकळा होतो. मी नवीन माणसाला आधी एकाच पायात स्की घालून सपाटीवर फिरवते, मग दुसऱ्या. नंतर चार-पाच मीटर वरून सरळ खाली सोडते. पाचर नाही, वळण नाही, फक्त नडगीवर लक्ष. ते दहा-बारा वेळा झालं की पाचर, म्हणजे ज्याला इन्स्ट्रक्टर स्नोप्लाऊ आणि मुलं पिझ्झा म्हणतात. स्कीची टोकं जवळ, शेपट्या लांब, टाचा बाहेर ढकललेल्या.

पाचर आली म्हणजे थांबता आलं असं मी मानत नाही. मी बर्फात एक हातमोजा ठेवते आणि म्हणते, याच्या शेजारी थांबायचं. आसपास कुठेतरी नाही, शेजारी. मग हातमोजा हलवते. दहापैकी दहा वेळा ठरवल्या जागी थांबता आलं की पुढचा उतार, नऊ वेळा आलं तर अजून तिथेच. कुणाचं हे दोन तासांत होतं, कुणाला दोन दिवस लागतात. नाशिकच्या एका बाईंना तीन दिवस लागले होते. चौथ्या दिवशी त्या त्यांच्या गटातल्या सगळ्यांपेक्षा मोकळ्या दिसत होत्या, कारण सगळ्यांत फक्त त्यांनाच नक्की माहीत होतं की आपण थांबू शकतो.

यानंतर बहुतेक जण वळायला शिकवतात. घाबरणाऱ्या माणसाला मी त्याआधी साइड-स्लिप शिकवते, आणि या उत्तरातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ती ही राहू दे. उतारावर उभं राहून कल्पना करा की बाटलीभर पाणी ओतलंय. ते ज्या वाटेने वाहील तिला स्की आडव्या लावा. स्कीची डोंगराकडची कड बर्फात रुतलेली असते, म्हणून तुम्ही उभ्या राहता. आता घोटे आणि गुडघे अगदी थोडे दरीकडे झुकवा. कड सुटते आणि तुम्ही आडव्याच, हळूच खाली सरकता. पुन्हा डोंगराकडे झुकवा, थांबलात. वीस मिनिटांत याचा अंदाज येतो. हे जमलं की नवशिक्यांच्या भागातला कुठलाही उतार तुम्हाला अडकवू शकत नाही. समोर अचानक तीव्र तुकडा आला, बर्फ कडक झाला, ढग उतरून उंच-सखल दिसेनासं झालं, तरी आडवं होऊन वीतवीत सरकत खाली येता येतं. त्या दिवशी कोंगडोरीला तुमच्याकडे दोनच मार्ग होते, सुटणं किंवा पडणं. तिसरा मार्ग तुम्हाला कुणी दाखवलाच नव्हता.

वळणाबद्दल थोडक्यात. डावीकडे जायचं तर वजन उजव्या पायावर, उजवीकडे जायचं तर डाव्या. सुरुवातीला उलटं वाटतं, तासाभरात पाय शिकतात. वळण अर्धवट सोडायचं नाही. स्कीचं नाक थोडं डोंगराकडे येईपर्यंत पूर्ण करायचं, म्हणजे वेग वळणातच मरतो. पाचरीने थांबणं, मग पाचरीत वळणं, मग हळूहळू स्की समांतर करणं, हा क्रम 1920 च्या दशकात ऑस्ट्रियातल्या सेंट आन्टोनला हान्नेस श्नायडरने आपल्या स्की शाळेत रुजवला. पुढे पद्धती पुष्कळ बदलल्या, पण घाबरलेल्या माणसासाठी मला अजून तोच क्रम सर्वांत भरवशाचा वाटतो.

पडण्याबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. पडायचं तर कुशीवर, डोंगराच्या बाजूला. मागे बसून पडू नका, आणि पडल्यावर सरकत असताना उठायची धडपड तर मुळीच नको. गुडघ्याचा अस्थिबंध नेमका त्या धडपडीत फाटतो. पूर्ण थांबा, स्की स्वतःच्या खालच्या बाजूला, उताराला आडव्या घ्या आणि मग उठा. पोलच्या, म्हणजे हातातल्या काठ्यांच्या, पट्ट्यात हात अडकवू नका. पडताना पोल हातात राहिला की अंगठा मुरगळतो. मी पहिल्या दिवशी पोल देतच नाही. बाइंडिंग वेगाने पडल्यावर सहसा सुटतं, अगदी हळू, पिळवटून पडल्यावर कधी कधी सुटत नाही. म्हणून हळू पडतानाही अंग सैल सोडा, स्कीशी झगडू नका.

आता भीतीकडे परत येते, कारण ब्रेक आल्यावरही थोडी उरतेच. भीतीने श्वास अडकतो आणि अडकलेल्या श्वासाने पाय लाकडासारखे होतात. यावर मला एकच खात्रीचा उपाय सापडलाय. मोठ्याने काहीतरी म्हणत उतरायचं. आकडे मोजा, गाणं म्हणा. सांगलीच्या एक काकू रामरक्षा म्हणत उतरायच्या, आणि त्यांची वळणं ओवीसारखी सारखी पडायची. आवाज निघतोय म्हणजे श्वास सुटतोय. दुसरं, नजर. स्कूटर शिकताना खड्ड्याकडे टक लावलं की चाक खड्ड्यातच जातं, इथेही तसंच. झाडाकडे किंवा पडलेल्या माणसाकडे बघू नका, मधल्या मोकळ्या जागेकडे बघा. मागून कुणी वेगात येऊन धडकेल ही धास्तीही असते, तर हे माहीत असू द्या: खाली असलेल्या माणसाला वाचवायची जबाबदारी वरून येणाऱ्याची असते, जगभर हाच नियम आहे. तुम्ही फक्त उताराच्या मधोमध थांबू नका, कडेला थांबा.

इथवरचं एकत्र धरलं तर क्रम असा होतो: नीट बसणारे बूट, आपोआप संपणारा उतार, नडगीवर दाब, हातमोज्याशेजारी थांबणं, साइड-स्लिप, आणि त्यानंतरच वळणं. कोंगडोरी यात कुठेच नाही. पाच दिवसांच्या मुक्कामात ती आली नाही तरी काही बिघडत नाही.

कोर्स करावा का? वेळ असेल तर जरूर करा. गुलमर्गला भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था आहे, मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी संस्थेचे वर्ग सोलंगला भरतात. तिथे रोज शिस्तीत तासन् तास सराव होतो आणि शिकायला तेच लागतं. पण गटाचा वेग ठरलेला असतो. तुमच्या बाबतीत मी आधी दोन दिवस एकट्यासाठी इन्स्ट्रक्टर घेईन. पैसे ठरवण्याआधीच त्याला सांगा की दोन दिवस खालचाच उतार, वर जायचं मी म्हणेन तेव्हा. तो हसून "डरो मत" म्हणाला तर दुसरा बघा. गुलमर्गमध्ये शांतपणे शिकवणारे, त्याच बर्फात वाढलेले फार चांगले लोक आहेत, चौकशी केली की सापडतात. यजमानांना मात्र शिकवू देऊ नका. त्यांची माया खरी असली तरी माणूस आपल्या माणसासमोर घाबरलेलं दिसायला लाजतो, आणि लाज झाकायला जास्त वरच्या उतारावर जातो.

फेब्रुवारी चांगला महिना आहे. चिल्लई कलानची चाळीस दिवसांची कडक थंडी ओसरलेली असते आणि बर्फ साठलेला असतो. तरी निघण्याआधी बर्फाची खबर घ्या, कारण 2024 च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं. उंचीचाही विचार करा. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, गुलमर्ग त्याच्याही हजार मीटर वर. सकाळी मुंबईत आणि दुपारी स्कीवर असा बेत नको. पोचल्या दिवशी विश्रांती घ्या, भरपूर पाणी प्या, लवकर झोपा. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तास, दुपारी एक तास, आणि मांड्या भरून आल्या की त्याच क्षणी बंद. "शेवटची एक फेरी" टाळा. थकल्या पायांनी केलेल्या त्या फेरीतच लोक जायबंदी होताना मी पाहिलेत.

आणि मधल्या एखाद्या दुपारी, स्की खालीच ठेवून, साधे बूट घालून गंडोल्याने कोंगडोरीला जा. कहवा प्या. गेल्या वर्षी जिथे रडलात त्या उताराच्या कडेला सुरक्षित जागी थोडा वेळ उभ्या राहा, बाटलीभर पाणी ओतलं तर ते कुठून वाहील ते नुसतं बघा, आणि गंडोल्याने परत खाली या.